समुद्रातला डोंगर, डोंगरातला महादेव

प्रश्न : आमच्या परळीत वैजनाथाचं देऊळ टेकडीवर आहे, पायऱ्या चढून गेलं की दर्शन. मुलगा नोकरीनिमित्त नवी मुंबईला राहायला गेला. तो म्हणतो, इथे समुद्रात डोंगर आहे, त्याच्या पोटात महादेव आहे, येत्या श्रावणी सोमवारी तुम्हाला नेतो. तेव्हापासून डोक्यात शंका घोळताहेत. भर समुद्रात डोंगर आला कुठून? ती लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली म्हणतात, ते खरं का? तीन तोंडांची मूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेशच ना? एवढा मोठा महादेव आहे तर रोजची पूजा का होत नाही? आणि शेवटचं म्हणजे माझे गुडघे दुखतात, तर आमच्या मंडळींना चालण्याची भारी हौस. दोघांचंही जमेल का?
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : शंकांकडे वळण्याआधी एक गोष्ट मुलाला आजच कळवा. श्रावणी सोमवार नको. मुलगा सांगतो ती लेणी दर सोमवारी बंद असतात. महादेवाचा वार आणि लेण्यांच्या सुट्टीचा वार एकच आला आहे खरा, पण ही सुट्टी पुरातत्त्व खात्याच्या वेळापत्रकातली आहे, तिचा धर्माशी संबंध नाही. दुसरं असं की श्रावणात मुंबईच्या बंदरात वारा आणि लाटा जोरावर असतात. हवा बिघडली की लाँच सुटत नाहीत आणि माणूस गेटवे ऑफ इंडियावरूनच परततो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस सगळ्यांत चांगले. परळीहून एवढ्या लांब यायचं, तर तेव्हाच या.

मुलगा सांगतो ती जागा म्हणजे घारापुरी, ज्याला बाहेरचे लोक एलिफंटा म्हणतात. गेटवे ऑफ इंडियापासून पूर्वेला सुमारे १० किलोमीटरवर हे बेट आहे. मुंबईहून लाँच सुटते म्हणून ते मुंबईत आहे असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतं. दोन टेकड्या, मधे एक अरुंद दरी आणि पायथ्याला शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही तीन गावं, एवढाच त्याचा पसारा. टेकड्यांची उंची दीडशे मीटरच्या आसपास आहे. आकडा लहान वाटतो, पण समुद्राच्या पातळीपासून एकदम उठलेल्या असल्यामुळे त्या लाँचमधून चांगल्या डोंगरासारख्या दिसतात.

आता पहिली शंका. डोंगर समुद्रात आलेला नाही, समुद्र डोंगरापाशी आला आहे. परळीच्या परिसरात जो काळा दगड आहे, तोच घारापुरीतही आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास दख्खनवर लाव्हारसाचे थरावर थर पसरले, ते थंड होऊन हा बेसाल्ट तयार झाला. बालाघाटाच्या रांगा त्याच्याच आणि कोकणातल्या टेकड्याही त्याच्याच. पुढे ओढ्यानाल्यांनी हे थर कापले, दऱ्या झाल्या, मधले उंचवटे टेकड्या म्हणून उरले. शेवटच्या हिमयुगात पृथ्वीवरचं पुष्कळ पाणी बर्फाच्या रूपात अडकून पडलं होतं आणि समुद्राची पातळी आजच्यापेक्षा शंभर मीटरहून अधिक खाली होती. तेव्हा आजच्या मुंबई बंदराच्या जागी कोरडी दरी होती आणि घारापुरीच्या टेकडीपर्यंत चालत जाता आलं असतं. बर्फ वितळलं, पाणी चढलं, दरी बुडाली आणि टेकडीचा वरचा भाग बेट होऊन राहिला. माजलगावचं धरण पहिल्यांदा भरलं तेव्हा बुडितातले उंचवटे जसे पाण्यात वेगळे पडले असतील, तसंच हे, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

यातच एक गैरसमज निघून जातो. बेट पाण्यावर ठेवलेलं नसतं. त्याचा पाया खाली मुंबई-उरणच्या जमिनीशी एकसंध आहे आणि मधला बंदराचा तळही काही फार खोल नाही. म्हणून तर २०१८च्या फेब्रुवारीत समुद्राच्या तळाशी साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकून तिथे वीज नेता आली. तोवर मुंबईचे दिवे समोर लखलखताना बेटावरच्या वस्तीची रात्र जनरेटरच्या मोजक्या तासांवर चालायची. तुमच्या परळीच्या औष्णिक केंद्रातून राज्यभर वीज गेली, पण मुंबईच्या नजरेच्या टप्प्यातल्या या तीन गावांना ती मिळायला स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षं लागली. लेणी बघायला जाणाऱ्यानं ही गोष्टही लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं, कारण तिथे राहणाऱ्या माणसांकडे बघायचं बहुतेकांच्या राहूनच जातं.

पांडवांची कथा महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक लेण्याला चिकटलेली आहे. कारण साधं आहे. करणाऱ्याचं नाव विसरलं गेलं आणि काम माणसाच्या हातचं वाटेना, की लोक ते पांडवांच्या नावावर घालतात. घारापुरीच्या बाबतीत नाव विसरलं जाण्यामागे एक ठोस घटनाही आहे. १५३४मध्ये गुजरातच्या सुलतानाकडून हा मुलूख पोर्तुगीजांकडे आला. लेण्यात एक कोरीव शिलालेख होता. तो कोणाला वाचता येईना म्हणून पोर्तुगीजांनी काढून आपल्या राजाकडे पाठवला, असं त्यांचाच इतिहासकार दियोगु दु कूतु लिहून गेला आहे. पुढे त्या दगडाचा पत्ता लागला नाही. तो असता तर कोणी, कधी, कशासाठी, ही तिन्ही उत्तरं कदाचित एका ओळीत मिळाली असती.

शिलालेख गेला तरी दुसरे पुरावे उरले. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी मोठ्या संख्येनं सापडली. हे कलचुरी राजे पाशुपत पंथाचे शैव होते आणि मुख्य लेण्यातली शिल्पं त्याच पंथाच्या कल्पनांशी जुळतात. घडणीची पद्धत जोगेश्वरीच्या लेण्याशी आणि तुमच्या मराठवाड्यातल्या वेरूळच्या २९ क्रमांकाच्या लेण्याशी, म्हणजे धुमार लेण्याशी, अगदी जवळची आहे. हे सगळं एकत्र धरून अभ्यासक मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्यावरचं मानतात. तुम्ही घृष्णेश्वराला जाता तेव्हा धुमार लेणं बघून ठेवा. मग घारापुरीत पाऊल टाकताच मांडणी ओळखीची वाटेल.

एका रात्रीत हे होणं शक्य नाही, ते कामाच्या रीतीवरूनच कळतं. देऊळ बांधताना दगड खालून वर रचत जातात. लेण्यात उलट असतं. आधी छताची पातळी धरायची, मग वरून खाली कोरत यायचं; खांब होतील तेवढा दगड जागेवर सोडायचा, बाकीचा फोडून बाहेर काढायचा. एक छिन्नी चुकली तर तुटलेला भाग पुन्हा जोडता येत नाही. उत्तरेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत हे लेणं सुमारे ३९ मीटर खोल आहे. एवढा बेसाल्ट हातानं काढायला कारागिरांच्या किती वर्षांचा घाम लागला असेल, याची कल्पना दगडाचं काम जवळून पाहिलेल्या माणसाला लगेच येते. माझ्या मते तो मान पांडवांना देऊन आपण त्या पाथरवटांवर अन्यायच करतो.

तिसरी शंका तीन तोंडांची. दत्ताच्या तीन शिरांची सवय असल्यामुळे आपल्याला तिथेही ब्रह्मा, विष्णू, महेश दिसतात, आणि ‘त्रिमूर्ती’ हे नाव पडल्यामुळे हा समज पक्का झाला. पण ती मूर्ती सदाशिवाची आहे. शिवाला पाच मुखं मानतात : सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष आणि ईशान. त्यातली तीन भिंतीत कोरली आहेत. चौथं मागच्या बाजूला, दगडाच्या आत आहे असं मानायचं, आणि पाचवं वर, डोळ्यांना न दिसणारं. मधला शांत, मिटल्या डोळ्यांचा चेहरा तत्पुरुषाचा. तुमच्या डाव्या हाताला उग्र, मिशीवाला अघोर. त्याच्याजवळ साप आहे. उजव्या हाताला कोवळा, बायकी वळणाचा वामदेव, त्याच्या हातात कमळ. सुमारे वीस फूट उंचीची ही मूर्ती खोल कोनाड्यात आहे, म्हणून उजेड तिच्यावर थेट पडत नाही, आजूबाजूनं झिरपत येतो. गेल्या गेल्या मोबाइल काढू नका. पाच मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावले की चेहरे एकेक करून पुढे येतात.

परळीच्या माणसाला या लेण्यात आणखी दोन जागी थांबावंसं वाटेल. पहिली रावणाची. वैजनाथाच्या कथेत शिवलिंग घेऊन लंकेला निघालेला रावण तुम्ही लहानपणापासून ऐकला आहे. घारापुरीत तोच रावण कैलास हलवताना कोरला आहे आणि वर महादेव पायाच्या नुसत्या दाबानं डोंगर स्थिर करतो आहे. हे शिल्प बरंच झिजलेलं आहे, पण प्रसंग माहीत असणाऱ्याला ते ओळखता येतं.

दुसरी जागा लग्नाची. तुमच्या शेजारी, पंचवीसेक किलोमीटरवर, अंबाजोगाई आहे. कोकणची योगेश्वरी परळीच्या वैजनाथाला द्यायची ठरली, वऱ्हाड निघालं, मुहूर्त टळला, देवी तिथेच कुमारिका राहिली आणि वऱ्हाडाचे दगड झाले, ही कथा तिथल्या हत्तीखान्यातले दगडी हत्ती दाखवून आजही सांगतात. परळीच्या महादेवाचं ते लग्न राहिलं. घारापुरीत मात्र शिवपार्वतीचं लग्न मोठ्या शिल्पपटात लागलेलं आहे. पार्वती मान खाली घालून उभी आहे, मागून हिमवान तिला पुढे करतो आहे, ब्रह्मदेव भटजी होऊन बसले आहेत. नवरीचं अवघडलेपण सहाव्या शतकातल्या त्या कारागिरानं खांद्याच्या वळणात पकडलं आहे. माझ्या दृष्टीनं सदाशिवानंतर लेण्यातलं सर्वांत उत्तम काम हेच. मंडळींना ते नक्की दाखवा.

पूजेचं म्हणाल तर लेणं मुळात देऊळच आहे. आत चार दारांचा एक चौकोनी गाभारा आहे, प्रत्येक दाराला दोन अशा आठ भव्य द्वारपालांचा पहारा आहे आणि मध्ये शिवलिंग आहे. आज आपण उत्तरेच्या बाजूनं आत शिरतो आणि समोर थेट सदाशिव दिसतो, त्यामुळे गाभारा उजवीकडे बाजूला पडतो. कित्येक जण तो बघतही नाहीत. पण मूळची वाट पूर्वेकडची असावी असं अभ्यासकांना वाटतं, कारण पूर्वेच्या अंगणातून बघितलं की खांबांच्या रांगेतून गाभारा सरळ समोर येतो. तुम्ही बाहेरून वळसा घालून पूर्वेला उभे राहा, म्हणजे हे देवळासारखं दिसेल.

पोर्तुगीज काळात इथली नित्यपूजा खंडित झाली. पुढे हे स्मारक संरक्षित झालं आणि १९८७मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेलं. जिथे पूजेची परंपरा आधीच थांबलेली आहे, अशा संरक्षित स्मारकात रोजची पूजा नव्यानं सुरू करत नाहीत. म्हणून इथे पुजारी नाही, अभिषेक नाही. परळीला तुम्ही लिंगाला हात लावून दर्शन घेता. तशी सवय इथे आवरायची, कारण दूध, पाणी, हळदकुंकू आणि रोजच्या हातांनी जुना दगड लवकर खराब होतो. महाशिवरात्रीला मात्र आसपासच्या किनाऱ्यावरून भाविक होड्यांनी येतात. तुम्हाला गर्दीतलं दर्शन हवं असेल तर तो दिवस. शिल्पं नीट बघायची असतील तर दुसरा कुठलाही, सोमवार सोडून.

मूर्ती फुटल्या त्या सगळ्या पोर्तुगीजांच्या गोळ्यांनी, असंही तुम्हाला तिथे ऐकायला मिळेल. सैनिकांनी मोडतोड केल्याच्या नोंदी आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बेसाल्टच्या भेगांतून झिरपणारं पावसाचं पाणी, खारा वारा आणि नावं कोरून ठेवणारे नंतरचे पर्यटक यांचाही वाटा मोठा आहे. शेवटच्या गटात आपले लोकही आहेत.

आता गुडघे आणि हौस. लाँच शेतबंदरच्या धक्क्याला लागते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत लांब वाट आहे. तिथे छोटी आगगाडी चालते, तुम्ही तीत बसा. पुढे सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्र्यांची सावली. पायऱ्या रुंद आणि उतार सौम्य आहे, टप्प्याटप्प्यानं थांबत चढता येतं. तेही जमणार नसेल तर पायथ्याशी डोलीवाले असतात. दर आधी ठरवून घ्या. मुख्य लेणं समुद्रापासून साधारण पाऊणशे मीटर उंचीवर आहे. तिथे पोचलात की पुढच्या चार लहान लेण्यांकडे जाणारी वाट डोंगराच्या कडेनं, बरीचशी सपाट आहे. ती तुम्हाला जमेल. एक काळजी घ्या : खाण्याच्या पिशव्या हातात उघड्या नेऊ नका, माकडं झडप घालतात.

मंडळींसाठी मात्र खरं बेट यानंतर सुरू होतं. बहुतेक लोक मुख्य लेणं बघून, पायऱ्यांवर खरेदी करून लाँच पकडतात आणि डोंगर न बघताच परततात, याची मला फार खंत वाटते. लेण्यांच्या वरच्या अंगाला अर्ध्या तासाची चढण चढली की ब्रिटिशांनी बंदराच्या रक्षणासाठी बसवलेल्या दोन मोठ्या तोफा आहेत. तिथून एका बाजूला न्हावाशेवाचं बंदर, दुसरीकडे मुंबईच्या इमारती आणि उत्तरेला २०२४मध्ये सुरू झालेला अटल सेतू दिसतो.

मधली दरी ओलांडून पूर्वेच्या टेकडीवर गेलं तर तिथे महादेव नाही, बौद्ध स्तूपाचे अवशेष आणि बौद्ध लेणी आहेत. तिथलं बौद्ध ठाणं शिवाच्या लेण्यांहून कितीतरी जुनं आहे. मोराबंदरच्या बाजूला जुन्या विटांचे अवशेष आहेत, रोमन मद्यकुंभांचे तुकडेही बेटावर मिळाले आहेत. म्हणजे महादेव कोरला जाण्याआधी शेकडो वर्षं इथे जहाजं लागत होती. व्यापारी उतरत, त्यांच्या मागे भिक्षू आले, मग शैव आले. बंदर होतं म्हणून पैसा होता आणि पैसा होता म्हणून डोंगर कोरला गेला. निर्जन बेटावर तपश्चर्येसाठी कोणी लेणी खोदली, हा समज इथे टिकत नाही. पूर्वेच्या टेकडीची वाट कमी वापरातली आहे, म्हणून एकट्यानं जाऊ नये. गावातला कोणी सोबतीला घ्यावा आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं, तो तिथे शोधू नका. १८६४मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत क्रेन मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते पुढे जोडून घेतले. आज हत्ती भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. अंबाजोगाईचे हत्ती पाहिलेल्यांनी दुसऱ्या दिवशी तिकडे चक्कर टाकायला हरकत नाही.

वेळेचं गणित असं बसवा. सकाळी नऊच्या सुमारास सुटणाऱ्या पहिल्या लाँचपैकी एक पकडा. पोचायला तासभर लागतो. १८ डिसेंबर २०२४ला याच मार्गावर नौदलाची वेगवान बोट प्रवासी लाँचवर आदळून माणसं दगावली, तेव्हा लाइफ जॅकेट मागून घ्या आणि मांडीवर न ठेवता अंगात घाला. सकाळी लवकर वर पोचलात की मुख्य लेण्यात गर्दी कमी असते. पूर्वेचं दालन आधी बघा, तेव्हा तिथे उजेड असतो. दुपारी गावात जेवा. मासे खात नसाल तर तसं आधी सांगितलं की साधं जेवण मिळतं. त्यानंतर तुम्ही झाडाखाली बसा आणि मंडळींना मुलाबरोबर तोफांकडे पाठवा. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही, परतीची शेवटची लाँच संध्याकाळी पाच-साडेपाचच्या सुमारास सुटते. उतरतानाच धक्क्यावर तिची नेमकी वेळ विचारून ठेवा.